शेवाळ खाणारे जीव डझनाच्या हिशेबाने घेऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरगुती मत्स्यालयांवर अलीकडेच जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यातील गोड्या पाण्याच्या माशांविषयीची माहिती बरीचशी बरोबर आहे. परंतु खाऱ्या पाण्यातील प्रवाळांच्या लहान टाकीविषयी शेवटी जो परिच्छेद दिला आहे, त्यातील ‘शेवाळ दिसू लागताच शेवाळ खाणारे दोन डझन जीव एकदम सोडावेत’ हा सल्ला वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. तो सल्ला मानून कोणी खरोखरच तसे केले, तर त्याचे पैसे जातीलच, शिवाय त्या मुक्या जीवांपैकी बहुतेक दोन-तीन महिन्यांत उपासमारीने मरतील. मी लातूरला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि भाच्याने पुण्याला जाताना माझ्या गळ्यात घातलेली प्रवाळांची एक टाकी गेली सहा वर्षे सांभाळते आहे. या सहा वर्षांत ज्या चुका केल्या, त्यांच्याच आधारावर पुढचे लिहीत आहे.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३६ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे. गुणाकार केला तर जवळजवळ ७८ लिटर होतात, पण तळाची वाळू, आतले खडक आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ६० लिटरच्या आसपास भरते. आपल्याकडे पाण्याचे दोन पिंप भरून ठेवतात, त्यांतल्या एकातही याहून अधिक पाणी असते. एवढ्याशा पाण्यात कोणता जीव सोडायचा, याचा विचार तो दुकानात केवढा दिसतो यावर न करता पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, शेवाळ संपल्यावर काय खाईल आणि शेजाऱ्यांशी कसा वागेल, यावर करावा लागतो.

त्याआधी शेवाळ कोणते आहे हे ओळखले पाहिजे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. नवी टाकी लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी पसरल्यासारखी दिसते. ती डायाटम या सूक्ष्म एकपेशीय शेवाळाची असते, पाण्यातील सिलिकेटवर वाढते आणि सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरते. याच भुकटीला घाबरून लोक डझनभर गोगलगायी आणतात. भुकटी जाते आणि गोगलगायी उरतात. लालसर-जांभळी, मखमलीसारखी, बुडबुडे धरून बसलेली साय दिसली, तर ती शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जीवाणू आहेत. ती आवडीने खाणारा जीव जवळजवळ नाहीच, तेथे नळीने ओढून काढणे आणि पाण्याचा प्रवाह सुधारणे हेच उपाय आहेत. खडकावर चढणारा गुलाबी कठीण थर हाही एक प्रकारचे शेवाळच, पण तो टाकी निरोगी असल्याचे लक्षण समजला जातो आणि तो कोणी खरवडू नये. राहता राहिले दोन प्रकार, काचेवरचा पातळ हिरवा थर आणि खडकावरचे केसाळ शेवाळ. खाणाऱ्या जीवांचा खरा उपयोग या दोनच ठिकाणी होतो. त्यातही केसाळ शेवाळ बोटभर लांब झाले असेल, तर गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत. ते आधी हाताने उपटून काढावे लागते, मग नव्याने फुटणारी लव त्या आखूड ठेवतात. शेताची खुरपणी माणसांनी करायची आणि नंतर शेळ्या सोडायच्या, असाच काहीसा हा क्रम आहे.

लहान टाकीसाठी माझी पहिली पसंती ट्रोकस गोगलगायीला आहे. तिचा शंख भोवऱ्यासारखा, टोकदार आणि खाली रुंद असतो. रात्री दिवे मालवल्यावर बॅटरीच्या उजेडात काचेच्या बाहेरून पाहिले, तर तिचे तोंड उघडते, आतली दातेरी पट्टी काचेवर एकदा फिरते, तोंड मिटते, ती केसभर पुढे सरकते आणि पुन्हा तेच करते. या पट्टीला रॅड्युला म्हणतात आणि तिचे काम थेट सुताराच्या कानशीसारखे चालते. सकाळी काचेवरच्या हिरव्या थरात नागमोडी स्वच्छ पट्टे उमटलेले दिसतात आणि रात्री कोण कोठून कोठे गेले, ते त्यावरून वाचता येते. ट्रोकस प्रवाळांना त्रास देत नाही, दुसऱ्या गोगलगायींशी भांडत नाही आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाळूवर उताणी पडली तर स्वतःहून सरळ होते.

हे शेवटचे वैशिष्ट्य वाचायला क्षुल्लक वाटते, पण अ‍ॅस्ट्रिया जातीची गोगलगाय ज्याने पाळली आहे, त्याला त्याचे मोल कळेल. अ‍ॅस्ट्रियाही शेवाळ उत्तम खाते, स्वभावाने गरीब असते, परंतु एकदा उलटी पडली की सपाट वाळूवर तिला सहसा सरळ होता येत नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडे सहा अ‍ॅस्ट्रिया होत्या आणि रोज सकाळी चहाच्या आधी विणकामाची लांब सुई घेऊन मी त्यांना सुलट्या करीत असे. लग्नाकार्यासाठी चार दिवस परगावी गेले आणि परत आले, तेव्हा त्यांतल्या तीन संपल्या होत्या. ज्यांना रोज टाकीपाशी बसता येत नाही, त्यांनी अ‍ॅस्ट्रियाच्या वाटेला जाऊ नये.

ट्रोकसच्या जोडीला लहान सेरिथ गोगलगायी चालतात. त्या निमुळत्या शंखाच्या असतात, बहुतांशी रात्री फिरतात आणि जेथे ट्रोकसचे रुंद शरीर पोहोचत नाही अशा खडकांच्या फटींत व वाळूच्या वरच्या थरात काम करतात. नॅसेरियस मात्र अनेकदा शेवाळ खाणारी म्हणून विकली जाते, ते बरोबर नाही. ती वाळूत पुरून घेऊन केवळ सोंडेसारखी नळी बाहेर ठेवते आणि माशांच्या खाद्याचा वास येताच वाळू फोडून वर येते. उरलेसुरले मांसाहारी खाद्य फस्त करण्यासाठी ती चांगली, परंतु हिरव्या काचेशी तिला काही देणेघेणे नाही. टर्बो गोगलगाय शेवाळ खाण्यात सर्वांच्या वरचढ आहे, पण ती लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी होते आणि वाटेत येणारे प्रवाळांचे तुकडे बुलडोझरसारखी लोटून देते. ६० लिटर पाण्यात तिला पुरेल एवढे शेवाळही उगवत नाही. मार्गारिटा ही तर थंड पाण्यातील गोगलगाय आहे. २५-२६ अंशांच्या टाकीत ती फार काळ तग धरत नाही, मग मराठवाड्याच्या उन्हाळ्याचे काय बोलावे?

आता हर्मिट क्रॅबविषयी, म्हणजे रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांविषयी. ‘सफाई पथक’ म्हणून ज्या तयार पिशव्या विकतात, त्यांत निम्मा भरणा यांचाच असतो, कारण ते स्वस्त, रंगीत आणि प्रवासात टिकणारे असतात. निळ्या पायांचे लहान खेकडे शेवाळ खातात हे खरे आहे, पण ते मिळेल ते खातात आणि वाढताना त्यांना मोठा शंख लागतो. मोठा रिकामा शंख मिळाला नाही, तर भरलेला शंख रिकामा करून घेण्याची युक्ती त्यांना ठाऊक आहे. एके दिवशी माझी एक ट्रोकस नेहमीपेक्षा फारच चपळाईने चालताना दिसली. जवळ जाऊन पाहिले, तर शंखाखालून निळे पाय बाहेर आलेले होते. दुकानात विचारले असता ‘जोडीला रिकामे शंख टाकायला हवे होते’ असे उत्तर मिळाले. ते मी नंतर टाकलेही, पण खेकड्यांना माझ्या जिवंत ट्रोकसचेच शंख अधिक पसंत पडत राहिले. लाल रंगाचे स्कार्लेट हर्मिट तुलनेने शांत असतात, त्यामुळे ज्याला हर्मिट ठेवायचाच आहे त्याने तो एकच आणि त्या जातीचा ठेवावा. शांतताप्रिय टाकी हवी असेल, तर माझ्या मते एकही ठेवू नये.

माशांमध्ये लहान टाकीला साजेल असा शेवाळ खाणारा एकच मासा माझ्या अनुभवास उतरला, तो म्हणजे टेलस्पॉट ब्लेनी. पूर्ण वाढीला तो सुमारे ६ सेंटिमीटरचा होतो, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो आणि खडकातील एखाद्या भोकात शेपटीकडून शिरून तो फक्त तोंड बाहेर ठेवून बसतो. डोळे दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरवीत तो खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जी नजर ठेवतो, ती पाहून आमच्याकडे येणारे पाहुणे माशापेक्षा त्या पाळतीलाच अधिक हसतात. मध्येच बाहेर येऊन खडकावर टकाटक तोंड मारायचे आणि पुन्हा भोकात जायचे, एवढाच त्याचा दिनक्रम. एका लहान टाकीत असा एकच मासा ठेवावा, कारण आपल्याच जातीच्या दुसऱ्याशी त्याचे पटत नाही. टाकीवर जाळी हवी, नाहीतर तो उडी मारतो. क्वचित एखादा ब्लेनी मांसल प्रवाळाला चावेही घेतो, तेव्हा पहिले काही आठवडे लक्ष ठेवावे. त्याचाच मोठा भाऊ लॉनमोवर ब्लेनी १३-१४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि लहान टाकीत काही महिन्यांतच त्याचे पोट खपाटीला जाते. पिवळ्या टँगचे छायाचित्र आपल्या मजकुरासोबत छापले होते. तो सुंदर मासा २० सेंटिमीटरचा होतो, त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते आणि शेपटीजवळ वस्तऱ्यासारखा काटा असतो. शेकडो लिटरांच्या टाकीशिवाय त्याचा विचारही करू नये.

बाकीच्यांविषयी थोडक्यात सांगते. सी-हेअर नावाची मोठी सागरी गोगलगाय केसाळ शेवाळ आठवड्याभरात साफ करते आणि मग उपाशी मरते, शिवाय घाबरली तर जांभळी शाई सोडते. लेट्युससारख्या झालरीची हिरवी सागरी स्लग, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, खाल्लेल्या शेवाळातील हरितलवके स्वतःच्या शरीरात साठवून ठेवते. रसायनशास्त्राच्या बाईलाही चकित करणारी ही गोष्ट आहे, परंतु पंपाच्या तोंडात ती ओढली जाते आणि लहान टाकीत पंप दूर ठेवायला जागाच नसते. काटेरी गोळ्यासारखा सी-अर्चिन गुलाबी थरही खरवडून खातो आणि सैल ठेवलेले प्रवाळ पाठीवर घेऊन फिरतो. हिरवा एमराल्ड खेकडा बुडबुड्यांसारख्या शेवाळापुरता कामाचा आहे, पण मोठा झाल्यावर त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

किती घ्यावेत, हा प्रश्न खरे तर सर्वांत मोठा आहे. माझ्या ६० लिटर पाण्यात सध्या चार ट्रोकस, पाच लहान सेरिथ आणि एक टेलस्पॉट ब्लेनी आहेत आणि ही संख्या मी एकदम न गाठता पाच-सहा महिन्यांत हळूहळू गाठली. दोन ट्रोकस सोडाव्यात, महिनाभर थांबावे, काच पूर्वीपेक्षा उशिरा हिरवी होते का ते पाहावे आणि मगच तिसरी आणावी. काच पूर्ण स्वच्छ राहू लागली तर अभिमान बाळगू नये, त्याचा अर्थ जीव उपाशी आहेत असाही होतो. म्हणून मी मागची काच मुद्दाम पुसत नाही, ती त्यांची चराई आहे. शिवाय आठवड्यातून दोनदा मीठ-मसाला नसलेल्या नोरी नावाच्या सुक्या समुद्री शेवाळाचा बोटभर तुकडा रबराने खडकाला बांधते. आणि शेवाळ मुळात वाढते ते आपण घातलेल्या खाद्यातून निर्माण होणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटवर. गोगलगाय शेवाळ खाते म्हणून ही द्रव्ये पाण्यातून नाहीशी होत नाहीत, तिच्या विष्ठेतून त्यातले बरेचसे पुन्हा पाण्यातच येते. त्यामुळे खाद्याची चिमूट आखडती घेणे आणि दर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलणे, हे काम कोणताही जीव आपल्यासाठी करीत नाही.

आता माझ्या सर्वांत लाजिरवाण्या चुकीकडे येते. खाऱ्या टाकीतील पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागेच राहते, म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावी लागते. हे पाणी मी स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून घेत असे. ते यंत्र जुने झाले म्हणून घरच्यांनी नवे बसवले. महिन्याभरात ट्रोकस काचेवरून गळून पडू लागल्या, सेरिथ वाळूवर निपचित दिसू लागल्या, मासा मात्र ठणठणीत. मी क्षारता तपासली, अमोनिया तपासला, सर्व ठीक होते. शेवटी यंत्राच्या खोक्यावरची अक्षरे वाचली, तेव्हा कळले की आरोग्यासाठी म्हणून ते पाण्यात तांबे मिसळते. माणसाला तेवढे तांबे अपाय करीत नाही, पण गोगलगायी, खेकडे आणि प्रवाळ यांच्यासाठी ते अत्यल्प प्रमाणातही विष ठरते. त्यातच पाणी उडून जात होते आणि तांबे रोज थोडे थोडे साठत होते. हा हिशेब मी तीस वर्षे मुलांना फळ्यावर शिकवला होता. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केली, तेव्हा आमच्या भावकीतल्या एकाने ‘आम्ही वेचून मारतो आणि तू विकत आणतेस’ असे म्हटले होते. मोरचूद गोगलगायींना मारक असते, हे त्याला ठाऊक होते. मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग, हे मला ठाऊक होते. तरी दोन्ही गोष्टींची सांगड घालायला मला महिना लागला.

तेव्हा आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे प्रवाळांची टाकी आहे, त्यांनी तांबे मिसळणारे किंवा चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारे यंत्र टाकीसाठी वापरू नये, तांब्याच्या घागरीत साठवलेले पाणी ओतू नये आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे तांबेयुक्त औषध मुख्य टाकीत कदापि घालू नये. खडक आणि वाळू हे तांबे धरून ठेवतात आणि हळूहळू पाण्यात सोडत राहतात. आमच्याकडील बोअरचे जड पाणी तर शुद्धीकरणाशिवाय वापरताच येत नाही.

उन्हाळ्याचा हिशेबही मांडून दाखवते. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी थंड राहते, पण दिवसाला दोन लिटर सहज उडते. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या ६० लिटर पाण्यातून तीन दिवसांत सहा लिटर उडाले आणि कोणी भर घातली नाही, तर क्षारता लिटरमागे ३९ ग्रॅमच्या जवळ पोहोचते. माशाचे शरीर हा फरक काही प्रमाणात सावरून घेते, गोगलगायीच्या शरीरातील द्रव मात्र भोवतालच्या पाण्याबरोबरच खारट होत जातो. याच कारणाने मुंबईहून रात्रभराच्या प्रवासाने आलेली पिशवी उघडून गोगलगायी थेट टाकीत सोडू नयेत. सलाईनच्या नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी पिशवीतल्या पाण्यात पाडत तास-दीड तास घालवावा आणि पिशवीतले पाणी टाकीत न ओतता फक्त जीव उचलून सोडावेत. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप मराठवाड्यात चैनीची वस्तू नाही, हे वेगळे सांगायला नको.

खरेदी करताना कायद्याकडेही पाहावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ आणि सागरी काकडी नावाचे सर्व प्रकारचे प्राणी समाविष्ट झाले. ट्रोकसची मोठी नायलोटिकस जातही त्याच वर्षी कायद्याच्या संरक्षणाखाली आली. म्हणून किनाऱ्यावरून ‘ताजा माल’ काढून आणल्याचे कोणी कौतुकाने सांगितले, तर तेथून बाहेर पडावे, आणि पैदास केंद्रातील जीवांचीच, कागदपत्रांसह, मागणी करावी.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात ही हौस शोभते का, असे मला अनेकांनी विचारले आहे. मी आठवड्याला सहा लिटर पाणी बदलते आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला व भांडी विसळायला वापरते. तरीही हा प्रश्न गैर आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला एवढ्या पाण्याचा हिशेब ठेवायचा नाही, त्याने ही टाकी लावू नये.

आपणास विनंती एवढीच आहे की, पुरवणीतील त्या परिच्छेदाची दुरुस्ती पुढील अंकात छापावी आणि त्यात ‘दोन डझन’ऐवजी ‘दोन’ असा शब्द घालावा. मराठवाड्यातील दुकानदारांनीही प्रत्येक जीवाच्या पिशवीवर त्याची पूर्ण वाढ किती आणि शेवाळ संपल्यावर खाद्य कोणते, एवढे मराठीत लिहावे. गेल्या महिन्यात माझ्या टाकीच्या मागच्या, न पुसलेल्या काचेवर मोहरीच्या दाण्याएवढ्या ट्रोकस दिसल्या, मोजल्या तेव्हा अकरा भरल्या. त्या सर्वांना माझ्याकडे चराई पुरणार नाही, त्यामुळे थोड्या वाढल्या की शहरातील दुसऱ्या दोन टाकीवाल्यांकडे पाठवायच्या आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरातील यंत्र कोणते आहे, ते मी आधीच विचारून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर